फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात अपघाताची बातमी आली की त्यात हल्ली एक वाक्य हमखास असतं, 'चालक मोबाईलवर बोलत असल्याचं प्रत्यक्षदर्शींनी सांगितलं'. त्याच्या खाली गुन्हा दाखल, अधिक तपास सुरू, आणि बातमी संपली. ती वाचताना मी दरवेळी एकाच ठिकाणी अडतो, अहो पण तो बोलत होता कुणाशी?

त्या माणसाचं नाव छापा असं माझं म्हणणं अजिबात नाही, गैरसमज नको. बहुतेक वेळा ती आई असते, बायको असते, मित्र असतो नाहीतर ऑफिसातलं कुणीतरी, आणि फोनवर तो आवाज ऐकल्यावर त्यांचं काय झालं असेल ते त्यांनाच माहीत. पण बोलायला माणसं दोन लागतात ना? एकाच्या हातात स्टिअरिंग होतं, दुसरा घरात नाहीतर ऑफिसात निवांत बसलेला होता, आणि आपली सगळी जनजागृती, सगळे बॅनर, सगळा दंड हा फक्त पहिल्यासाठी. दुसऱ्याला कुणी काही सांगतच नाही. मला या पत्रात त्या दुसऱ्याबद्दलच लिहायचंय, कारण मला वाटतं फोन वाजलाच नाही तर उचलायचा की नाही हा प्रश्नच येत नाही, आणि तो वाजवणारे आपणच असतो.

मी वाहतुकीच्या धंद्यात बरीच वर्षं काढलीत, पण स्टिअरिंगवर नाही तर ऑफिसातल्या टेबलाशी, जिथून ड्रायव्हरला फोन जातात. तिथे काय चालतं ते सांगतो. पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, फोन येतो गाडी कुठे पोचली, टेबलावरचा माणूस ड्रायव्हरला लावतो, ड्रायव्हर म्हणतो अर्धा तास, हा पार्टीला सांगतो अर्धा तास, दहा मिनिटांनी मालक केबिनमधून ओरडतो अरे त्या गाडीचं काय झालं, की परत फोन. मधे ज्याच्याकडे माल उतरायचाय त्याने ड्रायव्हरचा नंबर मिळवून थेट त्याला फोन केलेला असतो तो वेगळाच. आणि गंमत अशी की गाडीला जीपीएस बसवलेला असतो, समोरच्या स्क्रीनवर गाडीचा ठिपका सरकताना दिसत असतो, तरी फोन! कारण ठिपक्यावर कुणाचा विश्वास नाही, माणसाच्या तोंडून ऐकलं की बरं वाटतं. ठिपका सरकतोय म्हणजे गाडी चालू आहे आणि गाडी चालू आहे म्हणजे आपण ज्याला फोन लावतोय तो माणूस आत्ता या क्षणी ती चालवतोय, इतकी साधी गोष्ट डोळ्यासमोर असून कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि ड्रायव्हरने फोन नाही उचलला तर संध्याकाळी त्यालाच बोलणी, फोन का उचलत नाहीस, झोपला होतास का. मग तो दुसऱ्या दिवसापासून पहिल्या रिंगला उचलायला लागतो, दुसरं काय करणार.

घरी वेगळं काही नसतं. सगळ्यात जास्त ऐकू येणारं संभाषण म्हणजे, 'गाडीवर आहेस का?' 'हो.' 'बरं मग हळू चालव, आणि ऐक ना, काय झालं माहितीये का...' म्हणजे विचारायचं सुद्धा, उत्तर मिळालं सुद्धा, काळजी पण दाखवून झाली, आणि मग पुढची पाच मिनिटं निवांत गप्पा. मला तर वाटतं न विचारता बोलणारा त्यापेक्षा परवडला, त्याला निदान माहीत तरी नसतं.

आता कुणी म्हणेल की त्यात काय एवढं, हल्ली ब्लूटूथ आहे, हँड्स-फ्री आहे, हात मोकळे आहेत, डोळे रस्त्यावर आहेत, बोलला तर बोलला. हा समज फार खोल बसलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॅनडात टोरोंटोच्या दोन संशोधकांनी १९९७ साली एक अभ्यास छापला होता, त्यांनी अपघात झालेल्या ड्रायव्हर लोकांची फोनची बिलं तपासली, अपघात किती वाजता झाला आणि फोन किती वाजता चालू होता ते ताडून पाहिलं, तर फोनवर असताना टक्कर होण्याचा धोका साधारण चौपट निघाला. आणि हँड्स-फ्री फोनवाले जास्त सुरक्षित असल्याचं काही दिसलं नाही. पुढे २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये अपघातानंतर हॉस्पिटलात आलेल्या लोकांवर तसाच अभ्यास झाला, तिथेही जवळपास चौपटच, आणि तिथेही हँड्स-फ्रीला सूट नाही. दोन वेगळे देश, मधे आठ वर्षं, फोनची मॉडेलं सगळी बदललेली, आणि आकडा तोच.

कारण अडचण हाताची नाहीच, डोक्याची आहे. अमेरिकेत युटा विद्यापीठात लोकांना ड्रायव्हिंग सिम्युलेटरमध्ये बसवून, डोळे नेमके कुठे बघतायत हे मोजायचं यंत्र लावून प्रयोग केले होते. रस्त्याकडेच्या बोर्डावर त्यांची नजर सरळ पडलेली यंत्रात दिसत होती, पण नंतर विचारलं की हा बोर्ड होता का, तर फोनवर बोलणाऱ्यांना ते बोर्ड नीट ओळखताच आले नाहीत. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं पण मेंदूने घेतलंच नाही. अपघातानंतर 'अहो तो माणूस एकदम समोर आला हो, मला दिसलाच नाही' असं सांगणारा ड्रायव्हर कदाचित खोटं बोलत नसतो. त्याच विद्यापीठात २००६ साली चाळीस जणांवर आणखी एक प्रयोग छापला गेला, तीच माणसं एकदा फोनवर बोलताना आणि एकदा रक्तात तिकडच्या कायद्याच्या हद्दीइतकी दारू असताना, तर फोनवर बोलताना तीन जणांनी पुढच्या गाडीला मागून ठोकलं, दारू पिऊन एकानेही नाही! दारू चांगली असं कुणी म्हणत नाहीये, पण दारू पिऊन आलेल्या माणसाच्या हातातून आपण किल्ली काढून घेतो आणि गाडी चालवणाऱ्याला मात्र स्वतःहून फोन लावतो.

कार्नेगी मेलन विद्यापीठातला २००८ चा एक प्रयोग तर फक्त ऐकण्याबद्दल आहे. माणूस बोलत नव्हता, नुसती कानावर पडणारी वाक्यं खरी की खोटी एवढं ठरवत होता, आणि तेवढ्यानेच मेंदूच्या ज्या भागाला रस्ता आणि अंतर यांचा अंदाज घ्यायचा असतो तिथलं काम ३७ टक्क्यांनी कमी झालेलं स्कॅनमध्ये दिसलं. म्हणून 'तू फक्त ऐक, बोलू नकोस' असं म्हणून गाडीतल्या माणसाला पूर्ण हकीकत सांगणारे आपण त्याच्यावर काही उपकार करत नसतो.

इथे एक प्रश्न नेहमी येतो आणि तो रास्त आहे, की मग शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसाशी बोललेलं कसं चालतं? यातच सगळी मेख आहे. शेजारी बसलेल्याला रस्ता दिसतो. समोर ट्रक आला, पाऊस सुरू झाला, गल्लीतून मूल पळत आलं, की तो आपोआप गप्प होतो, उलट 'अरे बघ बघ' म्हणून ओरडतो. यावर सुद्धा प्रयोग झालेत, सोबत बसलेला माणूस गर्दी वाढली की बोलणं कमी करतो, बऱ्याचदा रस्त्याबद्दलच बोलायला लागतो, वळण चुकू देत नाही. फोनवरच्याला यातलं काहीच दिसत नाही. चालवणारा तिकडे ओवरटेक करत असतो आणि तुम्ही इकडे विचारत असता, 'हॅलो? हॅलो? ऐकतोयस ना? गप्प का झालास?' ज्या क्षणी त्याने गप्प राहायला हवं नेमकं त्याच क्षणी आपण त्याला बोलायला लावतो. म्हणून म्हणतो की फोन करणारा नुसता बघ्या नाही, तो त्या गाडीत बसलेलाच असतो, फक्त डोळे बांधून.

मेसेजचं तर काय बोलावं. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. पाच सेकंद खाली बघून 'हो, निघालो' टाइप केलं म्हणजे ऐंशी मीटरच्या वर गाडी कुणी न बघता गेली. अमेरिकेत २०१० च्या ऑगस्टमध्ये मिसुरी राज्यात ग्रे समिट नावाच्या गावाजवळ एका पिकअपने पुढच्या ट्रॅक्टर-ट्रकला मागून ठोकलं आणि मग त्यावर दोन स्कूलबस येऊन आदळल्या, दोन जण गेले, तीस-पस्तीसच्या वर जखमी. तपासात निघालं की पिकअप चालवणाऱ्या पोराच्या फोनवर आधीच्या ११ मिनिटांत ११ मेसेजची ये-जा झाली होती. ये-जा हा शब्द नीट वाचा, पाठवलेले पण आणि आलेले पण. तिकडून कुणीतरी उत्तरं देत होतं. त्या तपासानंतर डिसेंबर २०११ मध्ये तिकडच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने शिफारस केली की ड्रायव्हरला हँड्स-फ्री सकट सगळ्यावर बंदी घाला. शिफारस कागदावर राहिली, हँड्स-फ्री बोलणं तिकडे आजही चालतंच.

आणि २०१३ चा स्पेनचा अपघात तर माझ्या डोक्यातून जातच नाही. सांतियागो दे कोंपोस्तेला शहराजवळ २४ जुलैला एक्सप्रेस ट्रेन वळणावर रुळावरून उडाली, ऐंशीच्या आसपास माणसं गेली. वळणावर वेगाची मर्यादा होती ८०, गाडी होती १८० च्या घरात. मोटरमन फोनवर होता हे तुम्ही ओळखलंच असेल, पण फोन कुणाचा होता? त्याच ट्रेनमधल्या त्याच्याच सहकाऱ्याचा, आणि तोही ऑफिसच्या फोनवर. पुढच्या एका स्टेशनवर गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मला घेता येईल एवढंच विचारायचं होतं. पूर्ण कामाचा फोन, साधा, सभ्य, प्रवाशांच्या सोयीसाठी केलेला. त्या दीड-दोन मिनिटांच्या बोलण्यात आपण नेमके कुठे आहोत हे मोटरमन विसरला आणि ब्रेक लागला तेव्हा उशीर झाला होता. तिथे आपोआप वेग कमी करणारी यंत्रणा नव्हती हा मोठा दोष आहेच आणि त्यावर कोर्टात बरंच झालं, पण मला त्यातला तो फोन अस्वस्थ करतो. कारण असले फोन आपण रोज करतो, कुणाचं वाईट व्हावं म्हणून नाही तर काम पुढे सरकावं म्हणून.

कायद्याचं म्हणाल तर तो बिचारा हातात फोन दिसला तर पकडतो, डोक्यात चाललेलं त्याला कसं दिसणार. ब्रिटनमध्ये २००३ पासून हातात फोन धरायला बंदी आहे, २०२२ मध्ये ती आणखी कडक करून फोटो काढणं, गाणी बदलणं पण त्यात घेतलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये २०१९ च्या शेवटी वरून फोटो काढून मांडीवरचा फोन पकडणारे कॅमेरे लावले. सगळं चांगलंच आहे, पण सगळं ड्रायव्हरवर. दुसऱ्या टोकाचा विचार केलेला माझ्या वाचनात एकच निकाल आहे, अमेरिकेत न्यू जर्सीच्या अपील कोर्टाचा, २०१३ चा. एका पोराला गाडी चालवताना मैत्रिणीचा मेसेज आला, त्याची गाडी समोरून मोटरसायकलवर येणाऱ्या नवरा-बायकोवर गेली, दोघांनी एकेक पाय गमावला. कोर्टाने त्या मुलीला जबाबदार धरलं नाही, पुरावा तेवढा नव्हता, पण तत्त्व सांगून ठेवलं की समोरचा गाडी चालवतोय आणि तो मेसेज तेव्हाच वाचणार हे ज्याला माहीत आहे किंवा असायला हवं होतं, अशा पाठवणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते. तेव्हा बऱ्याच लोकांनी याची चेष्टा केली की आता काय मेसेज पाठवला म्हणून तुरुंगात टाकणार का. मला ते तेव्हाही पटलं होतं आणि आता जास्त पटतं. पोरीने 'काय करतोयस' विचारलं तर एक वेळ समजू शकतो, पण ड्युटीचा तक्ता समोर ठेवून ड्रायव्हरला फोन लावणाऱ्या ऑफिसला 'मला काय माहीत तो चालवत होता' असं कसं म्हणता येईल?

ऑफिसचं तरी एक वेळ बरं, तिथे माणूस असतो, त्याला सांगता येतं. ॲपचं काय करायचं. हँडलला फोन अडकवून फिरणारी ती डिलिव्हरीची पोरं, त्यांना नवीन ऑर्डर आली की स्क्रीनवर घड्याळ उलटं पळायला लागतं, एवढ्या सेकंदात घेतो म्हणा नाहीतर गेली. हा सुद्धा फोन करणाराच आहे, फक्त त्याला तोंड नाही. आणि त्या फोनला गाडी किती स्पीडने चाललीये हे पक्कं माहीत असतं बरं का, कारण त्याच फोनमुळे गिऱ्हाइकाला गाडी सरकताना दिसते. मग गाडी थांबेपर्यंत ऑर्डर दाखवू नका, थांबल्यावर दाखवा, एवढं करायला काय अवघड आहे? कंपनीला जमणार नाही असं नाही, तिला घाई आहे. हेल्मेटमध्ये फोन खुपसून मान वाकडी करून चालवणाऱ्याला आपण सगळे शिव्या देतो, देतो तर द्या, पण त्याला तिकडून कोण घाई करतंय हे पण बघा जरा.

'अहो पण इमर्जन्सी असली तर?' हे हमखास विचारलं जातं. मला सांगा, गाडी चालवणाऱ्या माणसाला इमर्जन्सी कळवून तो काय करणार आहे? घाबरणार आणि जोरात चालवणार. घरात कुणाला काही झालं असेल तर आधी जवळच्या माणसाला फोन करा, डॉक्टरला करा, ॲम्ब्युलन्सला करा, गाडीत आणखी कुणी असेल तर त्याला करा. आणि चालवणाऱ्याला सांगायचंच असेल तर पहिलं वाक्य 'गाडी बाजूला घे, मग फोन कर' आणि लगेच ठेवा, बातमी त्या फोनवर सांगूच नका. खरं तर आपल्या फोनांमधली नव्वद टक्के इमर्जन्सी म्हणजे 'कुठे पोचलास' एवढीच असते (हा टक्का माझ्या अंदाजाचा आहे, कुणी मोजलेला नाही). काळजी असते हो, मान्य आहे, वेळेवर माणूस आला नाही की जीव वरखाली होतो. पण निघताना 'पोचल्यावर मीच फोन करेन, मधे उचलणार नाही' असं ठरवून निघालं तर वाट बघणाऱ्यालाही फोन न उचलण्याचा अर्थ कळतो, नाहीतर तिसऱ्या मिस्ड कॉलनंतर त्याच्या मनात नको ते येतं आणि तो चौथा करतो. हवं तर लाईव्ह लोकेशन पाठवून ठेवा. आणि फोनमध्ये ड्रायव्हिंग मोड असतो, तो गाडी सुरू झाली की ओळखतो, नोटिफिकेशन दाबून ठेवतो, काही फोनमध्ये तर 'मी गाडी चालवतोय' असा मेसेज आपोआप जातो. बऱ्याच जणांनी तो कधी उघडून बघितलेला नाही.

ऑफिसवाल्यांसाठी तर फारच सोपं आहे. गाडी चालू दिसत असताना फोन लावायचा नाही, काही कळवायचं असेल तर थांब्याच्या ठरलेल्या वेळी, आणि ड्रायव्हरने चालवताना फोन उचलला नाही म्हणून त्याला एक शब्द बोलायचा नाही. हे तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाकीचे नियम भिंतीवर लावतात आणि संध्याकाळी ओरडतात, मग पोरगं भिंत वाचेल की मालकाचं तोंड बघेल? आणि फोन लागलाच, तिकडून गाडीचा आवाज आला, हॉर्न ऐकू आला, तर पार्टी लाइनवर असली तरी फोन ठेवायची परवानगी टेबलावरच्या माणसाला हवी. तो बिचारा पण नोकरीच करतो.

आणखी एक, म्हणजे बोलणं संपलं की डोकं लगेच रस्त्यावर येतं असं पण नाही. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेच्या फाउंडेशनने २०१५ मध्ये गाडीतल्या आवाजावर चालणाऱ्या सिस्टिम तपासल्या, तर काही बाबतीत काम झाल्यावर सुद्धा २७ सेकंदांपर्यंत लक्ष पूर्ण परत आलेलं नव्हतं. चाळीसच्या स्पीडला २७ सेकंद म्हणजे साधारण ३०० मीटर. सिग्नलला थांबल्यावर पटकन मेसेज बघून घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, सिग्नल सुटल्यावर पहिल्या चौकात तुम्ही अजून त्या मेसेजमध्येच असता.

आता शेवटी तुम्हालाच एक विचारतो, राग मानू नका. अपघात झाला की तुमचा वार्ताहर बाईक काढून तिकडे निघतो, आणि मला खात्री आहे की तो रस्त्यात असतानाच डेस्कवरून फोन सुरू होतात, पोचलास का, किती गेले, फोटो कधी पाठवतोस, वेबसाइटवर टाकायचंय. तुमच्या ऑफिसात याबद्दल काही नियम आहे का? असला तर तो काय आहे ते छापा, बाकीच्या ऑफिसांना उपयोगी पडेल. नसला तर तेही छापा.

आपला,
एक नियमित वाचक